काटा

सकाळी साडेपाचला, अंगावर चिंधी न ठेवता,
दात घासून, मोरीला जाऊन, केसांतली पिनसुद्धा काढून
मी त्याच्यावर उभी राहते.
शहाण्णव किलो चारशे.
काल शहाण्णव किलो चारशे.
गेल्या मंगळवारी तेवढंच, त्याच्या आधीच्याही.
अडतीस दिवस.
पिन काढली, निदान तिची तरी लाज बाळगावी.

मग कोट, गमबूट, आणि उतारावरून खाली
आंगेल्मोच्या बाजारात,
जिथे चोवीस वर्षं मी दुसऱ्या एका काट्यामागे उभी आहे.
कोंग्रिओ, सिएरा, शिंपल्यांच्या जाळ्या.
गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत नाही, काट्याकडे बघतं.
आणि मला ठाऊक आहे काटा कसा थापा मारतो:
ओला मासा जड, निथळलेला हलका,
कल्ल्यात बर्फाचा चुरा राहिला की वीस ग्रॅम माझ्या बाजूने,
आणि माझ्या बापाचा अंगठा, देव त्याला माफ करो,
निम्म्या पुएर्तो मोंतच्या ओळखीचा होता.

एवढं कळतं,
तरी घरचा काटा म्हणजे मला देवाचा शब्द.

मागच्या जूनमध्ये पोट कापलं. उरलंय ते केळ्याएवढं.
पहिले महिने काय गेले! आठवड्याला दोन-दोन किलो,
लोक मला बघायला यायचे.
नणंद रेमिहिया दर रविवारी दंड चाचपायची,
मी माशाचा कल्ला चाचपते तसा.
अजूनही येते. बघते. आणि हळूच विचारते,
"लपूनछपून काही खातेस का गं?"

खाते. न लपता.
अर्धी वाटी: आधी मासा, मग भोपळा,
जागा उरली तर बटाटा. उरत नाही.
वीस मिनिटं चावते. पाणी नंतर, चिमणीच्या घोटाने.
एवारिस्तो समोर बसून कासुएला ओरपतो
आणि वाडगं माझ्या नजरेआड धरायला बघतो,
बिचारा, एवढं मोठं वाडगं.
केस गळतायत. दंडाची कातडी
वाळत घातलेल्या जाळ्यासारखी लोंबते.
एवढं दिलं. बदल्यात
शेवटचा तो चारचा आकडा तरी हलावा की नाही?

आज सरकारी माणूस आला, वर्षाचं सील लावायला.
पेटीतून लोखंडी वजनं काढली, पाळण्यातून बाळं काढावीत तशी,
काट्याचं पोट उघडलं
आणि म्हणाला, तासभर काही तोलायचं नाही.
तासभर! शुक्रवारी! रांग दारापर्यंत.

म्हातारी क्लोरिंदा म्हणाली,
"हाताने दे. हात काय मेलाय तुझा?"
मी कोंग्रिओ उचलला, तळव्यावर झुलवला.
"किलो आणि थोडं वर. किलोचे दे."
तिने पैसे ठेवले. तिच्या मागच्याने ठेवले.
तासभर मी मासे हाताने तोलले,
वाकून, क्रेट ओढून, उठून, पुन्हा वाकून,
आणि शेवटी लक्षात आलं
की खुर्ची कुठे आहे हे मी विचारलंच नाही.
तिच्यावर कुणाची तरी छत्री वाळत होती.

सील झाल्यावर क्लोरिंदा मुद्दाम परत आली, मासा तोलून घेतला.
एक किलो साठ.
शाबासकी नाही. म्हणाली, "साठ ग्रॅमचे पैसे बुडाले तुझे."

हे मी नर्सबाईला सांगणार नाही,
ती लगेच कागदावर लिहील: मनोबल उत्तम.
कसलं मनोबल. संध्याकाळी चढ चढताना
मला नुसता राग येत होता, सगळ्यांचा,
आणि त्या रागात
नेहमीच्या कठड्यापाशी टेकायचं राहून गेलं.
वरून बघितलं तर ओहोटी होती. होड्या चिखलात कुशीवर,
कुणी टाकून दिल्यासारख्या.
कुठलाही कोळी त्यांना ढकलत बसला नव्हता.
तो घरी जातो, सूप पितो.
दोर मात्र तपासून जातो.

उद्या साडेपाचला मी पुन्हा उभी राहीन.
न राहण्याइतकी मी शहाणी नाही.
पण पिन काढणार नाही.